सोळावा चौकोन

"आई, पिक्चरमधली बाई नोकरी सोडायला निघाली, की नेमका तेव्हाच तुला चहा कसा आठवतो गं?"

विचारलं एकदाचं! तिच्या मैत्रिणींनी, ब्रूक आणि जोवीने, शाळेत पैज लावली होती. "तुझी आई दर वेळी शेवटाला पळते. हिंमत असेल तर विचार." हिंमत हल्लीच आली होती, नवीकोरी. ती वापरून बघायची टेसाला भारी हौस. पण आता आई स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी थांबली होती.

टेसाच्या, म्हणजे मॅकब्राइडांच्या, घरी डिसेंबरातला हा ठरलेला खेळ होता. टीव्हीवर नाताळची प्रेमकथा, आणि प्रत्येकाच्या मांडीवर आईने आखलेलं सोळा चौकोनांचं कार्ड, दर चौकोनात अशा पिक्चरमधली एकेक ठरलेली गोष्ट; सोळाही भरतील तो जिंकला. शहरातली सतत फोनवर असलेली बाई दिसली, मारा फुली. चौकटीच्या शर्टातला गावचा उमदा गडी. फुली. उणे वीसच्या थंडीत कोटाची बटणं उघडी, कान मुळीच लाल नाहीत. रिकाम्या कपातून कोकोचे घुटके. सगळं खोटं, सगळ्यांना ठाऊक, तरी बघताना खोली कशी उबदार व्हायची. त्या दोन तासांत कुणाचं काही बिघडत नाही, आणि बिघडलंच तर दोन जाहिरातींच्या मध्ये दुरुस्त होतं. नियम एकच होता, पण कडक. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तरच फुली.

आणि आई कायम हरायची. बाबा तिला त्यावरून चिडवायचे.

गेल्या आठवड्यात झाडावरचे दिवे शोधताना टेसाला जुन्या कार्डांचा डबा सापडला. नऊ वर्षांची कार्डं. आईच्या प्रत्येक कार्डावर पंधरा फुल्या होत्या. शेवटच्या चौकोनात फुली नाही. त्यात आईच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'ती शहरात परत जात नाही.'

तेव्हापासून टेसाला नीट जेवण जात नव्हतं. कारण आईची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. आई टोरोंटोत नकाशे काढायची. एका नाताळात मावशीकडे आठवड्यासाठी आली, गाडी बर्फात रुतली, हार्डवेअरच्या दुकानातल्या गॉर्डने, म्हणजे बाबांनी, ती ढकलून काढली, आणि आई राहिली ती राहिलीच. अगदी पिक्चर! आईला तो शेवटच नको असेल, तर मग टेसा कोण?

शिवाय वरच्या खोलीत कॉलेजचा अर्ज अर्धाच भरून पडला होता. त्यात एकच नाव होतं, अर्ध्या तासावरच्या कॉलेजचं. दुसरं होतं दूर समुद्रकाठच्या हॅलिफॅक्सचं, जिथे जहाजांचे आराखडे करायला शिकवतात. ते तिने तीनदा टाकलं आणि तीनदा पुसलं. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "पुढे आमची टेसा बघेल दुकान." प्रेमाने सांगायचे. तीच तर पंचाईत होती.

"किटली ठेवलीय म्हणून उठले," आई शेवटी म्हणाली.

"कुठे ठेवलीस? पकडली गेलीस, लोर्ना!" बाबा खो खो हसले. आज ते भलतेच खुशीत होते. हा पिक्चर गेल्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच गावात चित्रित झाला होता. साबणाच्या फेसाचा बर्फ, आणि बाबांच्या दुकानाची केलेली बेकरी. शेवटच्या दृश्यात बाबा स्वतः लोकरीची टोपी घालून मागून जाणार होते. दोन सेकंद. त्यासाठी त्यांनी आज घरात नवा शर्ट घातला होता.

टेसा हसली नाही. "आई, मी डबा पाहिला. नऊ वर्षं तोच चौकोन कोरा आहे. तुला इथे राहिल्याचं वाईट वाटतं का?"

बाबांचं हसू विरलं. नाताळच्या फराळातला अर्धा खाल्लेला टार्ट हातातच राहिला.

तेवढ्यात जाहिराती संपल्या. पडद्यावर ती बाई बॅग घेऊन बेकरीसमोर, म्हणजे बाबांच्याच दुकानासमोर, उभी होती. वरून फेस भुरभुरत होता. चौकटीचा शर्ट धावत आला. "राहशील ना?" त्याने विचारलं.

आई परत आली आणि सोफ्याच्या हातावर टेकली. पहिल्यांदाच.

"वाईट नाही वाटत गं," ती म्हणाली. "तू आहेस, हा वेडा आहे. पण ऐकलंस ना आत्ता? दर वेळी हेच. राहशील ना? 'मी येऊ का तुझ्याबरोबर?' असं एकालाही सुचत नाही. तेवढं मला बघवत नाही."

"म्हणजे, मीसुद्धा..." बाबा अडखळले.

"तूसुद्धा, गॉर्ड."

पडद्यावर ती बाई "हो" म्हणाली. त्यांच्या मागून लोकरीच्या टोपीतला एक माणूस निघून गेला. कुणीच पाहिलं नाही. बाबांनीही नाही. ते आईकडे बघत होते.

मग त्यांनी टार्ट बशीत ठेवला, बोटं नव्या शर्टाला पुसली आणि टेसाकडे वळले. आवाज एवढासा झाला होता.

"आणि तू गं, पोरी? तुला कुठे जायचंय?"

सतरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"हॅलिफॅक्सला." आवाज चिरकला, म्हणून ती उठून उभी राहिली आणि पुन्हा, खणखणीत, म्हणाली, "आई, बाबा, मी हॅलिफॅक्सला जाणार. जहाजं आखायला शिकणार. अर्ज आजच पाठवतेय. आणि मला सोडायला तुम्ही दोघांनी यायचं, दुकानाला कुलूप लावून. वाटेत टोरोंटोला थांबायचं. आठवडाभर."