पलीकडून आलेला फोन

सकाळी टेलिफोन केबलच्या स्टेशनात तात्यांनी समुद्राकडून येणारी काचेची फायबर उपसून बाजूला ठेवली, तरी थकलेल्या अँप्लिफायरच्या मीटरवर प्रकाश दिसतच होता.

"लाइन तर तोडली. मग हा उजेड कुठला?" नव्या इंजिनियर बाईंनी विचारलं.

"याचा स्वतःचा. याच्या काचेत एर्बियम मिसळलंय. लेझरने चेतवलं की ते आलेला सिग्नल मोठा करतं. सिग्नल आलाच नाही, तरी त्याला गप्प बसवत नाही. पण त्यात निरोप नसतो, नुसती बडबड. आपल्या साहेबांसारखी."

बाई हसल्या. पलीकडच्या देशांशी जोडणारी ही एकच लाइन. दुसरी मागेच नादुरुस्त झालेली. नवा अँप्लिफायर उद्या येणार होता. तोवर पलीकडचा एकही फोन इकडे लागणार नव्हता.

संध्याकाळी तात्या घरी पोचले तर बायको खुशीत. "आत्ताच लेकाचा फोन येऊन गेला. तुमच्या गुडघ्याची चौकशी करत होता."

चप्पल काढता काढता तात्या थांबले. "आत्ता?"

"भाजी चिरत होते तेव्हा. तुम्ही पण बोला की हो त्याच्याशी एकदा."

दोन वर्षांपूर्वी तात्यांनी लेकाला सुनावलं होतं, "नोकरी लागल्याशिवाय तोंड दाखवू नकोस." तो तडक घर सोडून गेला. परदेशी पोचला, तिथे नोकरी लागली, बढतीही मिळाली. सगळं बायकोच्या तोंडून कळायचं. तात्या वरवर "असं का" म्हणत आणि मनातून हरखून जात.

आज तर लाइनच बंद. म्हणजे ती नोकरी, ती गुडघ्याची चौकशी, सगळं हिच्याच मनचं. तात्यांना भडभडून आलं. लेक विसरला, आणि ही बिचारी एकटीच बापलेकांना सांधत बसली. हिला काही विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

"बरा आहे म्हणावं गुडघा," ते म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. "सांगायचं राहिलं असेल काहीतरी," म्हणत बायकोने तो उचलला आणि या वेळी तात्यांच्या हातात कोंबलाच.

"बाबा?" आवाज लेकाचाच. अगदी स्वच्छ. "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे," ते कसंबसं म्हणाले. "तू कुठे आहेस?"

"ऑफिसात. इकडे आत्ता सकाळ झालीये. बर्फ पडतोय."

तात्यांना सकाळी उपसून ठेवलेली फायबर आठवली; हा फोन पलीकडून येणं शक्यच नव्हतं.

"नोकरीचं राहू दे," ते म्हणाले. "आई पानं घेतेय. बस मिळाली नाही तर चालत ये."