इले बी एकदा पाहून घ्या

नांदगाव खंडेश्वरची पौर्णिमा दर सोमवारी आपल्या मुलाला, अंशला, अमरावतीच्या बालविकास उपचार केंद्रातल्या मॅडमकडे आणायची. साडेतीन वर्षांचा झाला तरी तो बोलत नव्हता, हाकेला वळूनही बघत नव्हता. आज तिने कडेवरची वर्षाची धाकटी मुलगी परी पुढे केली.

"मॅडम, इले बी एकदा पाहून घ्या. काही नसन, पन जीव थाऱ्यावर राहत नाही."

मॅडमनी खुळखुळा वाजवला, टाळ्या वाजवल्या, लाडाने हाका मारल्या. परी पंख्याकडेच बघत राहिली.

"बरं केलंत ताई, लवकर आणलंत," मॅडम हळूच म्हणाल्या.

पौर्णिमाचा चेहरा उतरला. "मी तर मॅडम, 'इले काहीच नाही' हे आयकाले आली होती."

मॅडमनी अंशच्या उपचारांच्या सतरंजीशेजारी परीसाठी दुसरी सतरंजी अंथरली.