तांब्याभर पाणी
सरपंच झाल्यावर सुलेखा पहिल्यांदा आठवडी बाजारात फिरली, तेव्हा रणरणत्या उन्हात अद्रक विकणाऱ्या कौतिकाबाईंपुढं तिनं पाण्याचा तांब्या धरला. म्हातारीनं मान हलवली. "नको बाई." सुलेखाला ते झोंबलं. जातीपायी तिच्या आजीच्या घागरीत लोक वरून पाणी ओतायचे. अजून तेच चाललंय का? पुढच्या बाजारी तिनं सरळ विचारलंच, "मावशी, आमच्या हातचं चालत नाय का?" कौतिकाबाईंनी कपाळावर हात मारला. "तसं नाय गं माय! बाजारच्या दिशी आम्ही बाया पाणीच पीत नाय. पिऊन जायचं कुठं?" वर्षभरात बाजारात बायांसाठी स्वच्छतागृह उभं राहिलं. उद्घाटनाला सुलेखानं कात्री कौतिकाबाईंच्या हातात दिली. म्हातारीनं ती कमरेला खोचली. "फीत मागून कापू. आधी तुझ्या हातचं पाणी दे." अख्ख्या बाजारासमोर तिनं तांब्या रिकामा केला आणि पुन्हा पुढं धरला.