लाटेत बसलेली आज्जी

कात्रजच्या तुळजाआज्जीने उभ्या जन्मात समुद्र बघितला नव्हता, म्हणून नातू विश्वजीत तिला गाडी काढून थेट कोकणात घेऊन गेला. बीचवरच्या टॉयलेटला कुलूप होतं, आणि शेजारच्या रिसॉर्टचा वॉचमन म्हणाला, "फक्त गेस्टसाठी आहे."

"थांबते की रं मी," आज्जी म्हणाली. "तू बघ समुद्र."

थोड्या वेळाने ती एकदम उठली, लुगड्यासकट तरातरा पाण्यात शिरली आणि लाटेत चक्क बसलीच. विश्वजीत जाम खूश. त्याने लगेच व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला, 'आज्जी फुल एन्जॉय.' धडाधड हार्ट आले.

ओलीचिंब आज्जी बाहेर आली, पण वर बघेना.

"मजा आली ना, आज्जी? सगळ्यांना पाठवलाय तुझा व्हिडिओ."

"दम निघंना रं मला," ती पुटपुटली. "आन् त्ये समद्यांना दावलंस?"