अळणीचं वरण

“वहिनी, वरणाला आज वेगळीच चव आहे गं,” अवनीच्या ताटातल्या वरणात बोट बुडवून चाटत हेमा म्हणाली, आणि पूर्णिमानं वरणाचं पातेलं झाकून मागे सरकवलं.

आखाडातला शेवटचा रविवार. येरवड्याच्या त्या दोन खोल्यांत मटणाचा वास भरून राहिलेला. नवरा आनंद, सासू इंदुबाई आणि वाघोलीहून खास जेवायला आलेली नणंद हेमा, सगळ्यांपुढे लालभडक रस्सा. नऊ वर्षांच्या अवनीपुढे तेवढा वरणभात, वर तुपाची धार. त्या वरणात काय आहे ते हेमाला ठाऊक होतं. आणि हेमाच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

“हिंग जास्त पडलाय,” पूर्णिमा कशीबशी म्हणाली.

“हिंग का. असेल बाई.”

अवनी मान खाली घालून जेवत राहिली.

गेल्या आखाडात ही पोर बापाबरोबर कोंबडी आणायला गेली. तिथं काय पाहिलं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. घरी आली आणि म्हणाली, मी आता हे खाणार नाही. रविवारी मटण शिजलं नाही तर शेजारी ‘कुणी आजारी आहे का’ म्हणून विचारायला येतात, असलं ते घर. आनंद म्हणाला, चार दिवसांचं खूळ आहे. चार दिवस गेले, चार महिने गेले, खूळ काही जाईना. बरं, भाज्या तरी खाव्यात? कोबीपासून कारल्यापर्यंत सगळ्याला नाक मुरडायची. मग जगणार कशावर, वाऱ्यावर? एक दिवस शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पोटात ठरेनात. पूर्णिमा मंडईतून पालक, बीट, खजूर पिशव्या भरभरून आणायची. दोन घास खाऊन पोर ताटावरून उठायची. पूर्णिमा त्या ताटापुढे बसून रडायची. अवनी दारातून बघायची आणि निघून जायची.

शेवटी तोड काढली ती इंदुबाईंनी. एरवी श्रावणात अंड्याचं टरफलसुद्धा घरात खपवून न घेणारी बाई, पण नात डोळ्यांदेखत वाळत चालली म्हटल्यावर तिचंही धाबं दणाणलं होतं.

“अळणीत डाळ शिजव तिची,” त्या म्हणाल्या. तिखट-मसाला पडण्याआधी मटणाचं नुसतं पाणी काढून ठेवतात, ते अळणी. पहिली वाटी घरातल्या लहान मुलाला, ही त्यांच्याकडची जुनी रीत. “आमची सगळी पोरं त्याच्यावरच वाढली. गाळून घे, वरून हिंग-तूप घाल. तिला काय कळतंय.”

“आई, पण ही फसवणूक झाली.”

“औषध म्हणून दे. पोर जगवायची का तिचं मन राखायचं, ते तू ठरव.”

पूर्णिमानं ठरवलं. दुहेरी फडक्यातून पाणी गाळलं, हिंगाची सढळ फोडणी दिली. पहिल्या दिवशी अवनीनं विचारलं, “आई, यात काही नाही ना?” काही नाही गं, म्हणताना पूर्णिमाला तिच्याकडे बघवेना. पुढेही काही दिवस पोर विचारत राहिली. मग एकदा विचारायचीच थांबली. बसला बिचारीचा विश्वास, असं पूर्णिमाला वाटलं, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली. इकडे अवनीचे गाल भरले, रक्त वाढलं, इंदुबाई गल्लीभर कौतुक सांगत सुटल्या. पूर्णिमा मात्र दर जेवणाला लेकीच्या तोंडाकडे बघत बसायची. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ना. घास जरा तोंडात रेंगाळला की ही लगेच पाण्याचा पेला पुढे सरकवायची.

“तब्येत मात्र झकास सुधारली हं हिची,” हेमानं पुन्हा सुरू केलं. “नुसत्या वरणावर. म्हणजे आमच्या वाघोलीची डाळच वाईट म्हणायची.”

“हेमा, रस्सा गार होतोय तुझा,” इंदुबाई म्हणाल्या.

“मी आपलं विचारते. काय गं अवनी, कशानं सुधारलीस तू?”

आनंदचा हात ताटातच थांबला. धरणीनं पोटात घ्यावं असं पूर्णिमाला झालं. अवनीनं तोंडातला घास सावकाश गिळला, आत्याकडे पाहिलं.

“आईच्या हातच्या जेवणानं,” ती म्हणाली आणि पुढचा भात कालवू लागली.

हेमानं रश्श्याची वाटी जवळ ओढली. जेवणं उरकली, माणसं हात धुऊन बाहेरच्या खोलीत गेली, टीव्ही लागला. स्वयंपाकघरात मायलेकीच राहिल्या. अवनीचा भात अजून संपायचा होता.

पूर्णिमाला तिचं ते उत्तर सहन होईना. ज्या हातांवर पोरीनं एवढा भरवसा टाकला, त्याच हातांनी तिला फसवलं होतं. आणि आज ना उद्या हेमा बोलणारच. त्यापेक्षा आपणच सांगावं. मग पोर पुन्हा अन्न टाकेल, पुन्हा चक्कर येऊन पडेल, कदाचित आपल्या हातचं पाणीही पिणार नाही. तरी ती लेकीशेजारी जमिनीवर टेकली.

“अवनी, तुला एक सांगायचंय बाळा. या वरणात मी...”

अवनीनं डावा हात पटकन आईच्या तोंडावर ठेवला.

“नको ना सांगूस,” ती हळूच म्हणाली. “तू सांगितलंस की मला ताटावरून उठावं लागेल. आणि मी उठले की तू रडतेस.”