भिंतीवरची काच

टिक्.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज. कपड्यांच्या घड्या घालता घालता आफ्राने मान वळवली. मुलीच्या पलंगाच्या डोक्याशी, भिंतीतल्या तड्यावर मेट्रोवाल्यांनी चिकटवलेली काचेची पट्टी मधोमध तुटली होती.

पट्टी तुटली की फोन करायचा, आणि फोन केला की गल्लीच्या पोटातलं बोगद्याचं यंत्र थांबतं. म्युनिकच्या या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने फोन केला.

इंजिनिअर हार्टविग आला. खोदाई सुरू व्हायच्या आधी घराघरांतल्या भिंतींचे फोटो काढून ठेवले होते, पुढे नुकसानभरपाईवरून भांडण नको म्हणून. या भिंतीचा फोटो त्याने मोबाईलवर उघडला. भिंत गुळगुळीत, कोरी. मग त्याने पलंग ओढून खोलीच्या मध्यावर आणला आणि तडा खरवडला. तळहातावर पांढरा भुगा पडला.

"पुट्टी आहे, बाई. तडा जुनाच आहे. कुणीतरी फोटोच्या आधी बुजवून वर रंग दिलाय."

आफ्राचे सासरे कोर्बिनियन दारात उभे होते. "घर बघायला माणसं येणार म्हटल्यावर भिंत रंगवायची नाही होय, साहेब?"

"अख्ख्या गल्लीला एकदमच रंगकाम सुचलं, आजोबा. आज या घरात काच तुटते, उद्या त्या. दर वेळी यंत्र उभं, आणि मी पुट्टी हुंगत फिरतोय."

"आणि उभ्या यंत्राचं भाडं तुमच्याच कंपनीच्या घशात जातं, तेही सांगा की."

हार्टविगने हसून हातावरचा भुगा झटकला.

आफ्रा सासऱ्यांकडे बघत राहिली. ती बाळंतपणाला दवाखान्यात असताना त्यांनी ही खोली रंगवली होती. बाळासाठी, म्हणाले होते. त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघून तिला रडू आलं होतं. ते बाळ आता शाळेत जातं, आणि मेट्रोचं खोदकाम अजून गल्लीखालीच अडलंय.

"बाबा, तेव्हा केवढा होता तडा?"

"केसाएवढा." ते खिडकीकडे वळले. "असेल."

तिने हार्टविगला विचारलं, "म्हणजे आज नुसती पुट्टी सुटली, की भिंत हलली?"

"काच दोन्हींनी तुटते. मूळ तडा फोटोत असता, तर आत्ता सांगितलं असतं." त्याने उघड्या विटांवर नवी पट्टी चिकटवली. "आता मोजणी आजपासून. महिनाभर तरी बघावं लागेल."

तो गेला. सासरेही कोट घालून बाहेर पडले, कुठे ते न सांगता.

रोन्या शाळेतून आली. दप्तर टाकून तिने मधोमध आलेल्या पलंगाभोवती एक चक्कर मारली, मग त्यावर चढून आडवी झाली. एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला.

"आई, रात्री मी डोकं कुठल्या बाजूला करू?"