इसाओच्या आसनावरची चौकट

मासिकात परीक्षण लिहायला मिळालेला तो महागडा मिररलेस कॅमेरा घेऊन नागिसा याइझू बंदरात आईकडे आली होती. हौशी फोटोग्राफर जीव टाकतील अशीच वस्तू होती. चेहरा दिसला की पडद्यावर हिरवी चौकट उमटायची आणि त्याची पाठ सोडायची नाही.

दुपारी आईने इसाओचं ताट वाढलं. नागिसाच्या या धाकट्या भावाच्या मासेमारी नौकेचा नऊ दिवस पत्ता नव्हता. समुद्रावर गेलेल्यासाठी घरी रोज ताट वाढायचं आणि शेवटी सूपच्या वाडग्याचं झाकण उचलून बघायचं, अशी तिथली जुनी रीत होती. झाकणाला आतून थेंब दिसले, तर माणूस सुखरूप. सूप वाफाळतं असूनही तीन दिवस झाकण कोरडंच निघत होतं.

नागिसाने कॅमेरा आईवर रोखला. चौकट मात्र इसाओच्या रिकाम्या आसनावर जाऊन बसली.

"काय झालं गं?"

"कुठे काय! रिकाम्या जागी चेहरा धरतोय. एवढी किंमत घेतात आणि ही तऱ्हा!" तिने वहीत 'दोष' असं लिहिलं.

इतक्यात चौकट हळूच खाली, वाडग्यावर झुकली. नागिसाने पडदा आईकडे वळवला.

आईने झाकण उचललं. आतून ते थेंबांनी भरलं होतं.

"लबाड! आधी सूपच लागतं याला," आई म्हणाली.

नागिसाने 'दोष' खोडला आणि कॅमेरा पुन्हा उचलला. चौकट आता आसनावर नव्हती. ती उघड्या दारातून दिसणाऱ्या बंदराच्या वाटेवर होती आणि माणूस जवळ येताना होते तशी हळूहळू मोठी होत होती.